हॉल साडेदहा बाय साडेपंधरा, माणसं पाच, आणि रंग काही ठरत नाहीये

तिसरा_मजला | १४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

दिवाळी आटोपली आणि दरवर्षीप्रमाणे "पुढच्या दिवाळीच्या आत रंग काढायचाच" हेही म्हणून झालं. या वेळी नवऱ्याने खरंच पैसे बाजूला ठेवलेत, म्हणून हा धागा.

घर डोंबिवलीत, १९९८ ची इमारत, तिसरा मजला. हॉल साडेपंधरा फूट लांब, साडेदहा रुंद. नकाशा काही केल्या चिकटत नाहीये, तेव्हा शब्दांतच सांगते. दार पूर्वेच्या भिंतीत, अगदी दक्षिणेच्या कोपऱ्याला. आत आलं की डाव्या हाताला पाच फूट भिंत, मग आत जायचा साडेतीन फुटी पॅसेज, मग पुन्हा सात फूट भिंत. समोर पश्चिम. तिथे डावीकडे बाल्कनीचं दार, उजवीकडे मोठी खिडकी. उजव्या हाताची उत्तर भिंत मात्र अखंड, एक खिळासुद्धा नाही. फरशी जुनी मोझाइक, साय रंगाची, त्यात तपकिरी आणि हिरवट खडी.

सामान: बसकण मारलेला तीन जणांचा सोफा (डावीकडच्या सात फुटी भिंतीला), समोर उत्तर भिंतीला भलंमोठं शोकेस आणि त्यात कोंबलेला ४३ इंची टीव्ही, मध्ये काचेचं टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीखाली सासऱ्यांचा सागवानी दिवाण. दिवाण १९७९ चा, चिपळूणजवळच्या आमच्या गावी घरच्या झाडाचा करून घेतलेला.

मला हवंय: पांढऱ्या-राखाडी भिंती, टीव्हीमागे एक गडद निळी भिंत, एल आकाराचा राखाडी सोफा. सासूबाईंना पिस्ता रंग हवाय. मुलगा सातवीत आहे, त्याला काळा. सासरे म्हणतात, "रंग कुठलाही काढा, दिवाण हलणार नाही." नवरा म्हणतो, "तुम्ही ठरवा," म्हणजे नंतर "मी सांगितलं होतं" म्हणायला मोकळा.

एल सोफा बसवायचा तर दिवाण जायला हवा. काय करू?

उगाच_एक | १४ नोव्हेंबर, रात्री ११:४१

वाचतोय. आमचाही हॉल असाच, फक्त पिंपरीत. काळा रंग देऊन टाका, जाळी-जळमटं दिसत नाहीत.

सांजवात | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पिस्ताला माझं मत. सासूबाईंना नमस्कार सांगा.

फूटपट्टी | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:३२

वीस वर्षं लोकांची घरं आखून देतोय, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

रंग सगळ्यात शेवटी. आधी एक रविवार आणि एक कामाचा वार, दोन दिवस वहीत टिपून ठेवा: कोण, किती वाजता, कुठे बसतं, कुठून कुठे चालत जातं. बाल्कनीत कपडे वाळत घालता का? दिवसात किती चकरा? भाजी कोण, कुठे बसून निवडतं? अभ्यास कुठे होतो? पाहुणा आला तर झोपतो कुठे? आणि गणपती बसतो का? बसत असेल तर कुठे? हा प्रश्न लोक ऑगस्टमध्ये विचारतात, तोवर तिथे सुताराने कपाट ठोकलेलं असतं.

तुम्ही दिलेल्या मापांवरून एक गोष्ट आत्ताच दिसतेय. सोफा डावीकडच्या भिंतीला असल्याने पॅसेजमधून बाल्कनीत जाणारं माणूस सोफ्यावरच्यांचे गुडघे ओलांडत जात असणार. बरोबर?

तिसरा_मजला | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

अगदी बरोबर! ओली बादली घेऊन. सासूबाईंचे गुडघे आधीच दुखरे, त्यात बादलीचा ठोसा.

दोन दिवस टिपलं. सकाळी साडेसहा ते आठ बाबा (सासरे) दिवाणावर, खिडकीच्या उजेडात पेपर. आई खुर्चीत भाजी निवडतात, तीही दिवाणाजवळ ओढून, कारण तिथेच उजेड आणि तिथेच गप्पा. दुपारी बाबांची झोप दिवाणावर. संध्याकाळी मुलगा सोफ्याला टेकून जमिनीवर बसतो आणि काचेच्या टेबलावर अभ्यास करतो. सोफ्यावर फार तर दोघं. बाल्कनीत चकरा: रविवारी चौदा. पाचही जण एका वेळी सोफा-खुर्च्यांवर बसलो, असं दोन दिवसांत एकदाही झालं नाही.

पाहुणा दिवाणावर झोपतो. बाबा त्या रात्री आत येतात आणि दुसऱ्या दिवशी कुरकुरतात. गणपती दीड दिवसाचा, शोकेस ढकलून त्या जागी.

म्हणजे मी जो नऊ फुटी सोफा बघत होते, त्यावर बसणार कोण, हा प्रश्न मलाच पडला.

निवांत_सातारकर | १७ नोव्हेंबर, रात्री १०:५०

एल सोफ्यावरून आमची गोष्ट. ऑनलाइन मागवला, दुकानाचं नाव घेत नाही. हॉलची मापं काटेकोर घेतली होती. जिन्याची घ्यायला विसरलो. लिफ्टमध्ये सोफा जाईना, जिन्याच्या वळणावर अडकला. माणसं म्हणाली, आमचं काम दारापर्यंत. दार म्हणजे खालचं दार. सोफा चार दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिक पांघरून बसला होता, येणारे-जाणारे त्यावर टेकून गप्पा मारायचे. शेवटी दोर लावून बाहेरून दुसऱ्या मजल्यावर चढवला. तो खर्च वेगळाच. बायको अजून त्याला सोफा म्हणत नाही, "तुमचा हत्ती" म्हणते.

तेव्हा लिफ्टचं दार, लिफ्टची आतली खोली, जिन्याचं वळण आणि घराचं दार, ही चार मापं आधी घ्या.

फूटपट्टी | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

टिपण वाचून बरं वाटलं. आता हिशोब मांडू.

तुमचा एल आधीच घरात आहे. दिवाण सहा बाय अडीच असणार (तपासा). तो खिडकीखाली, उत्तरेच्या कोपऱ्यापासून सहा फूट, जिथे आहे तिथेच. बाल्कनीच्या दारासाठी साडेचार फूट उरतात, पुरेसे आहेत. तीन जणांचा साधा सरळ सोफा, सात फुटांचा, उत्तरेच्या अखंड भिंतीला दिवाणाशी काटकोनात. झाला एल. त्याची आखूड बाजू सागवानी आहे आणि तिच्यावर झोपता येतं, एवढाच फरक. शोकेस जाऊ दे. टीव्ही समोर सात फुटी भिंतीवर लावा.

रुंदी बघा. साडेदहातून सोफ्याचे तीन आणि टीव्हीखालच्या बुटक्या कपाटाचे सव्वा गेले, उरले सव्वासहा फूट. सोफा आणि टेबल यांच्यात दीड फूट हवं, टेबल दोन फुटी, म्हणजे चालायला पावणेतीन फूट, ३३ इंच. बादली घेतलेला माणूस यातून जातो, पण जेमतेम. काचेचं टेबल काढून त्याऐवजी दोन हलके स्टूल ठेवले तर हॉल एकदम मोकळा होईल. चालणारा आता टीव्हीसमोरून जाईल हे खरं, पण दोन पावलांत जाईल. गुडघ्यांवरून जाण्यापेक्षा ते परवडलं.

उत्तर भिंत साडेपंधरा. दिवाणाचे अडीच, सोफ्याचे सात, उरले सहा फूट, दाराच्या बाजूला. ती तुमची गणपतीची जागा. वर्षभर तिथे मुलाचं भिंतीला मिटणारं टेबल आणि एक खुर्ची.

सोफा घेताना बसायची उंची मोजा. गादी दबल्यावर १७-१८ इंच हवी. फोटोतले देखणे सोफे १४-१५ इंचांचे असतात, त्यातून उठताना सत्तरीच्या माणसाला कुणीतरी हात द्यावा लागतो. टीव्हीचा मध्य जमिनीपासून साधारण ४२ इंचांवर. लोक तो फोटोफ्रेमसारखा वर टांगतात आणि मग मानेला मलम लावतात.

हे सगळं वाचून विश्वास ठेवू नका. जुने पेपर सोफा-कपाटाच्या मापाचे कापून जमिनीवर चिकटवा आणि तीन दिवस तसंच वावरा.

माजघर | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

शोकेस सरळ टाकू नका. आमच्या शोकेसच्या फळ्या चांगल्या निघाल्या, त्यातच आत पुस्तकांचं कपाट झालं.

वायव्य_कोन | १८ नोव्हेंबर, दुपारी २:११

वास्तूप्रमाणे टीव्ही आग्नेयेला हवा आणि जड सामान नैऋत्येला. तुम्ही जड सोफा उत्तरेला लावताय. जरा विचार करा. निळा रंगही दक्षिणेला चालत नाही.

उगाच_एक | १८ नोव्हेंबर, दुपारी २:१९

नैऋत्येला त्यांच्या बाल्कनीचं दार आहे. सोफा तिथे लावला तर कपडे ईशान्येला वाळत घालावे लागतील.

सांजवात | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

वास्तूसाठी वेगळा धागा आहे, तिकडे २३० प्रतिसाद झालेत. इकडे रंगावर या.

डबा_उघडा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सांगलीला रंगाच्या दुकानात बारा वर्षं काढली, म्हणून चार शब्द.

ताई, तुम्ही पांढरं-राखाडी म्हणताय ते मोबाइलवर बघून. पण तुमची फरशी साय रंगाची आणि दिवाण सागवानी, म्हणजे दोन्ही पिवळसर-तांबूस अंगाची. तिथे निळसर राखाडी लावला की भिंत थंड, फरशी ऊबदार, आणि दोघी एकमेकींना वाईट दाखवतात. राखाडी निळा दिसतो आणि फरशी मळकी. गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं, "हा राखाडी नाही, निळा दिलात." आम्ही डब्याचं झाकण दाखवायचो, राखाडीच असायचा. भांडण फरशीशी होतं.

जे बदलणार नाही त्यापासून सुरुवात करा. फरशी बदलणार नाही (बदलू नका, पुढे सांगतो), सागवान बदलणार नाही. शेड कार्ड फरशीवर आडवं ठेवा. ज्या पट्ट्या फरशीशी भांडत नाहीत तेवढ्याच ठेवा, बाकीच्या दुमडून टाका. निम्म्याहून जास्त जातील.

कार्डावर आवडलेल्या रंगापेक्षा एक घर फिकं घ्या. बोटभर पट्टीवर सौम्य दिसणारा रंग चार भिंतींवर गेला की एकमेकींवर पडून गडद होतो. पिस्ता इथेच फसतो. कार्डावर पिस्ता, भिंतीवर सरकारी दवाखाना.

हिशोब: घेर ५२ फूट, उंची साडेनऊ धरली तर ४९४ चौरस फूट. दारं-खिडक्या-पॅसेज वजा करून ४०० धरा. एका लिटर इमल्शनमध्ये दोन हात साधारण १२० ते १४० चौरस फुटांवर होतात. म्हणजे भिंतींना चार लिटरचा एक डबा. छत वेगळं. रंगारी चटई क्षेत्राला साडेतीनने गुणतात. तुमचं १६३ गुणिले साडेतीन म्हणजे ५७०, भिंती आणि छत मिळून ते जवळपास बरोबर येतं. त्याहून बराच मोठा आकडा सांगितला तर टेप काढा.

मोझाइक: वरून नवी टाइल बसवली की फरशी इंचभर वर येते, मग सगळी दारं खालून तासा, उंबऱ्यांशी मारामारी करा. त्यापेक्षा मशीन लावून पॉलिश करून घ्या. पण रंगाच्या आधी. त्या गाळाचे शिंतोडे भिंतीवर वीतभर उडतात.

तिसरा_मजला | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सरकारी दवाखाना वाचून नवरा इतका हसला की सासूबाईंनी विचारलं काय झालं. आता वाचून दाखवावं लागणार.

धुक्यातला_पुणेकर | १९ नोव्हेंबर, पहाटे ४:१२

एडिंबरातून. ते पांढरं-राखाडी घर जे तुम्ही रीलमध्ये बघता, ते आमच्यासारख्यांच्या उजेडासाठी आहे. इथे डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. खिडकीतून जो थोडा उजेड येतो तो घरभर खेळवायचा, म्हणून पांढऱ्या भिंती. डोंबिवलीत, पश्चिमेच्या खिडकीत, मे महिन्यात चार वाजता तीच पांढरी भिंत डोळ्यांत जाईल. आईच्या पुण्याच्या घरी मी हट्टाने शुभ्र पांढरा दिला होता. ती दुपारी हॉलमध्ये पदर कपाळावर ओढून बसायची. पुढच्या वर्षी तिने मला न विचारता बदामी देऊन टाकला.

सावलीची_काठी | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:४४

उजेडाचा विषय निघालाच आहे तर. आत्ता नोव्हेंबरात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सरकून मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन तुमच्या उत्तर भिंतीवर पडत असेल. मेमध्ये तो पश्चिमेच्या उत्तरेला सरकतो. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर तर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो. म्हणजे उन्हाळ्यात ते ऊन दक्षिण भिंतीवर, बरोबर टीव्हीच्या भिंतीवर. आत्ता नमुने लावून जी भिंत "छान, सावलीत आहे" वाटेल, ती मेमध्ये उन्हात असेल. निळा गडद रंग तिथे लावलात तर ऊन तिरपं पडल्यावर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसेल.

खिडकीला बांबूची चिक लावा, बाहेरून. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर काच तापलेली असते.

तिसरा_मजला | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

खरंय! काल साडेपाचला बघितलं, ऊन शोकेसवर होतं, म्हणजे उत्तरेलाच. आणि मे महिन्यात बाबा टीव्हीवर उशी धरून बातम्या बघतात (त्यांच्या खोलीतला टीव्ही, तो दक्षिण भिंतीवर आहे), ते का हे आज कळलं.

चाळ_नंबर_चौदा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

लहानपण गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. सात माणसं. "फर्निचर लेआउट" म्हणजे सकाळी वळकट्या कॉटखाली, रात्री कॉटखालून बाहेर. टेबल नव्हतं, पाट होते. पाहुणा आला की आजोबा गॅलरीत.

रंगाचं मात्र शास्त्र होतं. वर चुना, त्यात निळीची पूड, म्हणजे पिवळटपणा मरतो. आणि खाली चार फुटांपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा, हिरवा किंवा चॉकलेटी, वर बोटभर गडद रेघ. का? कारण सात माणसांच्या पाठी, तेलाची डोकी आणि मुलांचे हात सगळे चार फुटांच्या आतच लागतात. फडक्याने पुसलं की साफ. दिवाळीला वरचा चुना तेवढा नवा, खालचा पट्टा दहा वर्षं तोच. तेव्हा तो पट्टा मला गरिबीची खूण वाटायचा. फ्लॅट घेतल्यावर पहिलं काम केलं ते सगळीकडे एकच रंग. दोन वर्षांत पॅसेजच्या कोपऱ्यावर हातांचा काळा ठसा उमटला, तो अजून आहे.

माजघर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१८

निळीचा चुना! हाताला लागला की आंघोळीनंतरही नखांत असायचा. काका, यावर वेगळं लिहा ना.

डबा_उघडा | २० नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काकांना अनुमोदन. सगळीकडे मॅट रंग हवा असतो, कारण तो देखणा, आणि भिंतीची वाकडीतिकडी लपवतो. पण मॅट पुसला की पुसल्याची जागा दिसते. किंचित तकाकीचा रंग धुता येतो, पण उंचवटे दाखवतो. म्हणून हाताच्या जागी तकाकी आणि बाकी मॅट, हा शहाणा सौदा.

अजून दोन गोष्टी राहिल्या. पश्चिमेची भिंत पावसाळ्याचा मार खाते. ओल आहे का बघायला तिथे हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून दिवसभर ठेवा. आतून दव जमलं तर रंग थांबवा, आधी बाहेरची भेग बुजवा. ओल्या भिंतीवर महागडा रंग काढणाऱ्यांनीच आमचं दुकान चालवलं, पण तुम्ही नका चालवू.

आणि १९९८ ची दारं ऑइलपेंटची असणार. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती होतं याची खात्री देता येत नाही. कोरडं घासून धूळ उडवू देऊ नका. पाणी लावून पॉलिश पेपरने घासायला सांगा, मुलाला त्या दिवशी मावशीकडे पाठवा.

वायव्य_कोन | २० नोव्हेंबर, सकाळी ११:००

माझ्या प्रतिसादावर विनोद झाले, असो. पण मी म्हटलेलं "निळा नको" आता सगळेच वेगळ्या शब्दांत म्हणतायत.

उगाच_एक | २० नोव्हेंबर, सकाळी ११:०६

हे मात्र मान्य करावंच लागेल.

तिसरा_मजला | ७ डिसेंबर, रात्री ११:४०

गायब नव्हते, पेपर कापत होते.

दिवाण मोजला: सहा बाय अडीचच. पेपरचा सोफा उत्तरेला, पेपरचं कपाट दक्षिणेला, तीन दिवस वावरलो. पहिल्या दिवशी बाबा पेपरच्या सोफ्याला वळसा घालून गेले आणि मग स्वतःच हसले. खरा सोफाही ढकलून बघितला. एक गोष्ट फूटपट्टी यांच्या हिशोबात नव्हती: आमचं मुख्य दार आत उघडतं आणि चपला पूर्वेच्या भिंतीला. मुलाचं टेबल तिथवर आलं की चपलांवर पाय ठेवून अभ्यास. म्हणून टेबल अडीच फुटांचंच करणार.

रंगाचे चार छोटे डबे आणले. भिंतीवर न लावता मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन हात दिले आणि पुठ्ठे भिंतीभिंतीवर फिरवले. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच, रात्री ट्यूबखाली. माझा राखाडी सकाळी ठीक, दुपारी आकाशी, रात्री चक्क प्रेतकळा. गेला. पिस्ता दुपारी छान, पण रात्री दवाखाना (आईंनी स्वतः म्हटलं, मी नाही). बदामी सगळ्या वेळी बरा, पण कंटाळवाणा. चौथा शेवाळी, राखाडीकडे झुकणारा फिका हिरवा, फरशीतल्या हिरवट खडीशी जुळवून घेतलेला. तो संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतो, पण ट्यूबखाली मेल्यासारखा. आता?

सावलीची_काठी | ८ डिसेंबर, सकाळी ७:३५

ट्यूब बदला, रंग नको. तुमची ६५०० केल्विनची असणार, निळसर पांढरी (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). हॉलला ४००० ची लावा आणि सोफ्याच्या कोपऱ्यात ३००० चा एक दिवा. खोक्यावर सीआरआय बघा. रंग किती खरे दिसतील त्याचा तो आकडा आहे. साध्या दिव्यांचा ८० असतो, ९० च्या वरचा मिळाला तर घ्या. त्याच पुठ्ठ्यावर टाकून बघा.

फूटपट्टी | ८ डिसेंबर, सकाळी १०:२०

दार आत उघडतं हे मी विचारायला हवं होतं, चूक माझी. टेबल अडीच फुटांचं ठीक.

कुणी फॉल्स सीलिंग सुचवलं तर नको म्हणा. साडेनऊ फुटांतले सहा इंच गेले की पंखा छताला चिकटतो आणि वारा कमी लागतो. पंख्याला वर मोकळी हवा लागते.

दिवाण आणि सोफा पश्चिमेच्या, उत्तरेच्या भिंतीपासून दोन बोटं सुटे ठेवा. पावसात भिंत घाम सोडते.

तिसरा_मजला | २५ जानेवारी, दुपारी ४:५०

काम संपलं. फोटो अजूनही चिकटत नाहीयेत, त्यामुळे पुन्हा शब्दांतच.

वरच्या भिंती सायीच्या रंगाच्या, छत पांढरं. टीव्हीची भिंत शेवाळी, मॅट. ४००० ची ट्यूब लावल्यावर तो रात्रीही जिवंत दिसतो, सावलीची_काठी यांना पेढे. निळ्याची हौस दिवाणाच्या दोन तक्क्यांवर भागवली. शोकेस विकलं. घेणारा दारात उभा असताना आईंना त्यातल्या बाहुल्या आठवल्या आणि तासभर सगळं थांबलं. बाहुल्या आता टीव्हीखालच्या कपाटात, बंद दाराआड. सोफा साधा, सात फुटी, बसायची उंची साडेसतरा. लिफ्टमध्ये उभा करून आला, निवांत_सातारकर यांची आठवण काढत.

आणि चाळ_नंबर_चौदा काका, पॅसेजच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि दारापासून पॅसेजपर्यंतच्या पाच फुटी भिंतीला साडेतीन फुटांपर्यंत तकाकीचा शेवाळी पट्टा काढला, वर बोटभर गडद रेघ. रंगारी म्हणाला, "मॅडम, हे जुनं वाटतं." आठ दिवसांत मुलाने क्रिकेटची बॅट घासली, ओल्या फडक्याने निघालं. पाहुणे मात्र विचारतात, हे कुठल्या डिझायनरने केलं.

बाबा अजून दिवाणावरच. फक्त आता पाय पसरले की सोफ्याच्या हाताला लागतात, म्हणून डोकं दुसऱ्या बाजूला करून झोपतात. दोन दिवस झोप लागली नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी घोरले.

चाळ_नंबर_चौदा | २५ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

गडद रेघ सरळ आलीय का? आमचा रंगारी सुताला निळ लावून भिंतीवर फटका मारायचा. खरी कला ती.

तिसरा_मजला | २५ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

याने टेप लावली काका. तरी बाल्कनीकडे जाता जाता पाव इंच खाली येते. नवऱ्याने पहिल्या दिवशी शोधून काढलं. "मी सांगितलं होतं."

डबा_उघडा | २५ जानेवारी, रात्री ८:२०

उरलेला रंग फेकू नका. घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, बाहेर शेडचा नंबर आणि तारीख. पुढच्या वर्षी खिळ्याचं भोक बुजवाल तेव्हा लागेल.

माजघर | ३ मार्च, सकाळी ११:२५

ताई, तुमच्या सुताराचा नंबर निरोपातून पाठवाल का? मिटणारं टेबल आम्हालाही करायचंय, मी कल्याणला.

तिसरा_मजला | ३ मार्च, दुपारी १:१०

पाठवते, पण मिस्त्री होळीला गावी गेलेत. येतो म्हणाले ती तारीख आणि येतात ती तारीख यांत आठवडा धरा.

जाता जाता: पडद्यांचा रंग अजून ठरलेला नाही. आईंना पिस्ता हवाय. वेगळा धागा काढू का?

उगाच_एक | ३ मार्च, दुपारी १:१२

नको.